विस्तार विभाग आज कुठे आहे

हे लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परीक्षेचे पेपर सोडले तर रजेच्या अर्जापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. सरांवर लिहायला त्यांचा एखादा हुशार विद्यार्थी पुढे आला असता, तर मी मुकाट्याने वाचलं असतं. पण कोणी लिहीत नाही, आणि जे घडलं त्यातला एक भाग माझ्याइतका कोणाला माहीत नाही. म्हणून धाडस करतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

सर नाशिकच्या आमच्या कॉलेजात विस्तार विभागाचे प्रमुख होते. विभागात प्रमुखाशिवाय दुसरं कोणी नव्हतं. कॉलेज आणि शहर यांचं नातं जुळवणं हे विभागाचं काम. इतर ठिकाणी त्यासाठी पावसाळ्यात चार रोपं लावून फोटो काढतात, असं मी ऐकलं आहे. सरांनी ते काम फारच मनावर घेतलं होतं.

कॉलेजने विभागाला जिन्याखालची खोली दिली होती. सर म्हणाले, जिन्याखाली बसून शहर दिसत नाही. त्यांनी दारावरची पत्र्याची पाटी स्क्रू काढून उतरवली आणि स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभी ठेवली. तेव्हापासून पाटी टांगली असेल तिथे विभाग. कधी शालिमारजवळच्या सलूनच्या दारात, कधी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या भाजीबाजारात, कधी सीबीएस स्टँडच्या बाहेर उसाच्या गुऱ्हाळाशेजारी. पाटीखाली एक घडीचं टेबल, दोन स्टुलं, आणि सर. सर रस्त्याकडे तोंड करून बसत. आम्ही विद्यार्थी त्यांच्या पाठीमागे. तीन वर्षं मी त्यांच्याकडे शिकलो, पण त्यांचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. मानेवरचा तीळ मात्र लगेच आठवतो.

सर रोज सकाळी पीसीओवरून कॉलेजात फोन करायचे. मग शिपाई ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहायचा, ‘विस्तार विभाग आज रविवार कारंजा.’ एकदा फळ्यावर नुसतं ‘फोन आला नाही, शोधावे’ असं होतं. आम्ही चौघे दुपारपर्यंत शोधत होतो. शेवटी सर एका लग्नाच्या मांडवाबाहेर सापडले. मांडववाल्याने पाटी अडकवायला बांबू दिला म्हणून ते तिथे थांबले होते, आणि वऱ्हाडी मंडळी अहेर तिथेच द्यायचा असं समजून रांगेत उभी होती.

टेबल आणि पाटी दिसली की लोकांना ते सरकारी ऑफिसच वाटायचं. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला, म्हातारीचं नाव कमी करायला माणसं यायची. सर कोणालाही परत पाठवत नसत. फॉर्म भरून द्यायचे आणि त्या बदल्यात एक धडा मागायचे. “विद्यापीठाने तुम्हाला एक दिलं, आता तुम्ही विद्यापीठाला एक शिकवा.” माणूस गांगरायचा. मग कोणी कलिंगड कसं वाजवून बघायचं ते शिकवायचा, कोणी एका हाताने फेटा कसा बांधायचा ते. सर वहीत उतरवून घ्यायचे आणि तो धडा दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवायचे. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. कलिंगड मला आजही अचूक ओळखता येतं.

सरांचं एकच वाक्य होतं. काहीही विचारलं की म्हणायचे, “शहराला विचारलंस का?”

मामेभावाच्या लग्नाला मला एक दिवस रजा हवी होती. मी अर्ज पुढे केला. सर रस्त्याकडेच बघत म्हणाले, “शहराला विचारलंस का?” मला कळेना शहराला कुठे विचारायचं. त्यांनी समोरच्या फुटपाथवर बसलेल्या चांभारकाकांकडे बोट दाखवलं. मी रस्ता ओलांडून अर्ज त्यांच्यापुढे धरला. काकांनी आरी खाली ठेवली. लग्न कुठे आहे, सख्खा मामा की चुलत, मुलीकडचे काय करतात, सगळं विचारलं. मग म्हणाले, “एका दिवसात काय लगीन व्हतं? दोन दिवस जा. आन हळदीला पोच.” सरांनी दोन दिवसांची रजा मंजूर केली. मला एकच हवी होती, पण शहराने दिलेली रजा कमी करता येत नाही, असं सरांचं म्हणणं पडलं.

आमचा मळा मखमलाबादकडे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना पहाटे बाजारात माल टाकून परतताना माझा डबा कॉलेजच्या गेटवर वॉचमनकडे ठेवायचे. दोन वर्षांत ते गेटच्या आत आले नव्हते. कोणी अडवलं नव्हतं. मी चला म्हटलं की म्हणायचे, “पायाला चिखल हाय.” पाय धुतलेले असले तरी हेच.

हे सरांना कळलं तेव्हा त्यांनी त्याच आठवड्यात पाटी आणून आमच्या बाजारातल्या जागेवर टांगली आणि नानांना सांगितलं, “मी तुमच्याकडे आलो. आता तुम्ही कॉलेज तपासायला या.” तपासायला म्हटल्यावर नाना आले. पाहुणा म्हणून ते कधीच आले नसते. त्यांनी वर्ग पाहिले, ग्रंथालय पाहिलं, आणि वनस्पतीशास्त्राच्या बागेत टोमॅटोच्या वाफ्याशी येऊन उकिडवे बसले. मातीत बोट खुपसलं. “पानी लय व्हतंय. मुळं कुजली. कोन बघतं हे?” ज्या प्राध्यापकबाई ते बघायच्या त्या मागेच उभ्या होत्या. त्यांची त्या विषयात पीएच.डी. होती. नानांना पीएच.डी. म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी बाईंना पाणी कसं द्यायचं ते समजावून सांगितलं. पुढच्या महिन्यात झाडं उभी राहिली. बाई नानांना नमस्कार करू लागल्या. तेव्हापासून डबा गेटवर थांबेनासा झाला.

त्यानंतर सरांनी नानांना परीक्षक नेमलं. प्राध्यापकांनी शहराची परीक्षा दिली पाहिजे, असं त्यांनी प्राचार्यांना लिहून कळवलं होतं. प्राचार्यांनी उत्तर दिलं नाही, त्यालाच सरांनी संमती धरलं. पहिले परीक्षार्थी अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ते हौशीने आले. प्रश्न एकच होता: कोथिंबिरीच्या चाळीस जुड्या विकून दाखवा. त्यांनी पुठ्ठ्यावर भाव लिहिला आणि खुर्चीत बसले. शेजारी फुलं विकणाऱ्या मावशी तासाभराने म्हणाल्या, “साहेब, ऊन वर आलं. भाव खाली घ्या.” प्राध्यापक म्हणाले, मागणी येईल. दहा वाजता कोथिंबीर मान टाकून पडली. नानांनी शंभरपैकी चार गुण दिले. प्राध्यापकांनी विचारलं, चार तरी कशाचे? नाना म्हणाले, “जुड्या मांडल्या सरळ व्हत्या.”

प्राध्यापक त्या सत्रात सरांशी बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी मागणी-पुरवठा शिकवताना त्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली. नापास झालेला माणूस मात्र त्यांनी दुसरा केला होता.

हे सगळं वाचून सर मजेत होते असं वाटेल. तसं नव्हतं. त्यांची नेमणूक दरवर्षी जूनमध्ये व्हायची आणि एप्रिलमध्ये संपायची. अकरा वर्षं असंच चाललं होतं. मे महिन्यात ते कोणीच नसत, तरी पाटी घेऊन बसत. मग माझ्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं: विस्तार विभागांची पाहणी करायला समिती येणार. समितीने चांगला अहवाल दिला तर विभाग कायम, सरही कायम. नाही तर विभाग बंद. समिती शहरातल्या लोकांशी स्वतः बोलणार होती.

सर खूश झाले. “शहरालाच विचारणार आहेत,” असं ते दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

आता माझी चूक सांगतो. समितीपुढे कोण बोलणार ते ठरलं: नाना, मावशी, चांभारकाका आणि बाजारातले आणखी सातआठ जण. आदल्या संध्याकाळी नानांनी मला विचारलं, “ही मानसं नेमकी कशाला येऊन ऱ्हायली?” मी समितीसाठी स्वागताचं भाषण पाठ करत होतो. नजर न उचलता म्हणालो, “त्यांना विभाग पसंत पडला की विद्यापीठ त्याला आपल्याकडे घेणार. मग सर कायमचे विद्यापीठाचे.”

“म्हंजी हितं नाय ऱ्हानार?”

“विद्यापीठाचेच होणार ना मग,” मी म्हणालो आणि भाषणाकडे वळलो.

नाना उठले. चप्पल घालून बाहेर गेले. कुठे गेले ते मी विचारलं नाही.

समिती तिघांची होती. जाडसर अध्यक्ष, फाईल सांभाळणाऱ्या एक बाई, आणि तिसरे एक जण, जे बसल्याबसल्या पेंगत होते. बाजारातल्या पिंपळाखाली मांडववाल्याच्या खुर्च्या टाकल्या. लोकांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून अध्यक्षांनी सरांना दूर थांबायला सांगितलं. सर रस्त्यापलीकडे स्कूटरला टेकून उभे राहिले. त्यांना दिसत सगळं होतं, ऐकू काही येत नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन पिंपळाखाली होतो.

अध्यक्षांनी विचारलं, “ह्या विभागाचा तुम्हाला काय उपयोग झाला?”

चांभारकाका उठले. “उपेग? त्या मास्तरची चप्पल बघा साहेब. अंगठा तुटलाय, सहा म्हैने झाले, समोर बसून शिवून घेतली नाय. असला मानूस काय शिकवनार.”

मावशी म्हणाल्या, “त्यो आला की गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीनं जातं. वर पाटी बांधायला माझाच दोरा मागतो. नुस्ता ताप हाय.”

मला वाटलं ह्यांना काय झालं. कालपर्यंत ह्याच मावशी सरांच्या पाटीला शिल्लक हार घालत होत्या. एकामागून एक माणूस उठायचा आणि सरांना नावं ठेवून बसायचा. आणि रस्त्यापलीकडे सर प्रत्येक जण उठला की मान डोलवत होते. कोणी जास्त वेळ बोललं की त्यांना आणखी आनंद व्हायचा. एकदा त्यांनी हातही हलवला.

बाईंनी फाईलमधून वर बघून विचारलं, “म्हणजे चांगलं असं काहीच नाही?”

बाजारातला एक म्हातारा म्हणाला, “तुमी न्यावा आसा ह्यो मालच नाय, बाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्याकडे मळ्यात सगळ्यात चांगला भोपळा बियाण्यासाठी वेलावर राखतात. कोणी गिऱ्हाईक मळ्यात येऊन नेमका तोच मागतं. दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मग आम्ही त्या भोपळ्यालाच नावं ठेवतो. किडका आहे, कडू आहे, न्याल तर पस्तावाल. मी लहानपणापासून हे ऐकत आलो आहे. आणि ही सगळी माणसं आता तेच करत होती. आदल्या संध्याकाळी नानांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, की विद्यापीठवाले मास्तरला न्यायला येत आहेत.

सगळ्यांत शेवटी नाना उठले. ते काय बोलले ते इथे लिहायला माझा हात धजत नाही.

मी ट्रे घेऊन अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेलो. म्हणालो, “सर, एक सांगायचं होतं.”

ते म्हणाले, “चहा ठेव आणि जा.”

मी चहा ठेवला आणि गेलो. एवढंच केलं मी. मोठ्या माणसांच्या बोलण्यात पडायचं नाही, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि मी ते चांगलं शिकलो होतो.

समितीची गाडी गेल्यावर नानांनी माझ्या पाठीवर हात मारला. “गेले बघ मोकळ्या हातानं.” सर रस्ता ओलांडून आले. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणालं शहर?”

मी म्हणालो, “बरंच बोलले, सर.”

“बरंच?” सरांनी चष्मा वर सरकवला. “मला लांबून तसं वाटतच होतं.”

अहवाल महिन्याभराने आला. परिसरातील नागरिकांत विभागाविषयी तीव्र नाराजी आढळली, सबब विभाग बंद करावा. प्राचार्य भले माणूस होते. ते म्हणाले, आपण हरकत घेऊ, फेरपाहणी मागू. सरांनी नकार दिला. मी प्राचार्यांच्या केबिनच्या दारात होतो, म्हणून मला ऐकू आलं. सर म्हणाले, “अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, शहराला विचारा. विचारलं, शहराने उत्तर दिलं. आता उत्तर आवडलं नाही म्हणून परत विचारायचं का?” त्यांनी पाटी कॉलेजच्या स्टोअरमध्ये जमा केली, पोचपावती घेतली, आणि त्या एप्रिलनंतर ते नाशिकमध्ये दिसले नाहीत.

बाजारात वेगळाच समज झाला. मावशी म्हणाल्या, “नेलाच शेवटी. एवढं वंगाळ सांगूनशान पन नेला. लय हुशार लोकं.” मी नानांना अहवाल वाचून दाखवला तेव्हा ते पोत्यावर बसून राहिले. “लिवून घेतलं?” ते म्हणाले. “आपलं बोलनं खरं धरलं त्यांनी? शिकलेली मानसं ना ती?” मग म्हणाले, “तू मास्तरांना गाठ. त्यांना सांग.”

मी गेलो नाही. आधी परीक्षा होती, मग अंबडला कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली, मग लग्न झालं. ही सगळी कारणं खोटी आहेत. सर सिन्नरला राहतात हे मला कॉलेजच्या क्लार्ककडून पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण गेलो तर ते विचारणार, तू तिथे होतास, तू का बोलला नाहीस. नाना वर्षातून दोनतीनदा विचारायचे, “सांगितलं का मास्तरांना?” एकदा मी वैतागून हो म्हणालो. “काय म्हनले?” मी म्हणालो, “हसले.” नानांचा चेहरा असा काही उजळला, की त्यानंतर खरं सांगायची सोयच राहिली नाही.

ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली. मागच्या माघात नाना म्हणाले, “आता गुडघे धरलेत. एकदा मास्तरांना बघून येतो. पुढच्या रविवारी जाऊ.” आणि वांग्यांची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, तोवर ही पोचव.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी रजा टाकली आणि द्वारका चौकातून सिन्नरची जीप धरली.

सर जुन्या गावात दोन खोल्यांत राहत होते. दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मी ओळख सांगितल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “त्यांना फार काही विचारू नका. तेही आता कोणाला काही विचारत नाहीत. मुलं चुकली तरी विचारत नाहीत, का चुकलास. नुसतं बरोबर करून देतात.”

सर भिंतीकडे तोंड करून वह्या तपासत होते. मला पाहून खुर्ची वळवली. केस पांढरे झाले होते. “बस,” म्हणाले. वांग्यांकडे बघितलं, कुठली ते विचारलं नाही.

मी बसलो नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. नानांचा प्रश्न, माझं पाठांतर, बियाण्याचा भोपळा, मावशी, चांभारकाका, ट्रे.  नानांशी खोटं बोललो तेही.  माझं संपल्यावर सर पिशवीतलं एक वांगं घेऊन त्याचं देठ फिरवत राहिले.

मग त्यांनी विचारलं, “सगळेच वाईट बोलले?”

“सगळे, सर.”

“एकही चांगलं बोललं नाही?”

“एकही नाही.”

“आणि तुझे वडील? ते काय म्हणाले?”

मी जमिनीकडे बघितलं. “सर, ते नको.”

“अरे, सहा वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचतोय. तू ऐकलंयस ते सांग.”

मी सांगितलं. नाना म्हणाले होते, “ह्या मानसाला काडीची अक्कल नाय साहेब. आमी दहा वर्सं ह्याला सोसतो. तुमी न्याल, आन वाटंत द्वारकेवरच गाडीतनं फेकून द्याल.”

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुसतच राहिले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अगं, ऐकलंस का? मला काडीची अक्कल नाही. द्वारकेपर्यंत सुद्धा नेण्याच्या लायकीचा नाही मी.”

आतून भांड्याचा आवाज थांबला. त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

सरांनी दुसरी खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली. “बस आता,” ते म्हणाले. “आणि पहिल्यापासून सांग. कोण उठलं, काय म्हणालं. हिलाही ऐकू दे. सावकाश सांग, एकही शिवी गाळू नकोस.”